दाणा पाहिल्यावांचून साखर नव्हे

माळेगांव बुद्रुक येथील सहकारी साखर कारखान्यांत गाळपाचा हंगाम आला म्हणजे स्फटिकशास्त्राचा एक धडा अहोरात्र गिरवला जातो. पॅनमध्यें पाक आटत असतो. पॅनमन त्याचा नमुना कांचेवर घेऊन उजेडासमोर धरतो, आणि दाणा नजरेस पडल्यावांचून साखर झाली असें तो म्हणत नाहीं. हा साधा विवेक मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीं सोडावा याचें आम्हांस नवल वाटतें.

सन २०२३ च्या नोव्हेंबरांत गूगलच्या डीपमाइंड संस्थेनें जाहीर केलें कीं, उदाहरणांवरून उत्तर ताडण्यास शिकलेल्या आपल्या संगणकयंत्रानें २२ लक्ष नवे स्फटिक हुडकले असून त्यांपैकीं ३ लक्ष ८० हजार अत्यंत स्थिर आहेत. हुडकले म्हणजे काय? अणूंच्या अमुक मांडणीची ऊर्जा किती, याचीं गणितानें काढलेलीं उत्तरें हीच त्या यंत्राची पाठशाळा. आणि तें गणितहि उणे २७३ अंशांवरचें! भट्टीचा ताप तेथें हिशेबांत नाहीं.

त्याच सुमारास अमेरिकेंतील बर्कले येथील स्वयंचलित प्रयोगशाळेनें १७ दिवसांत, योजिलेल्या ५८ पैकीं ४१ नवीं द्रव्यें घडविल्याचा दावा केला. प्रिन्स्टन व लंडन येथील रसायनज्ञांनीं त्यांचीं क्ष-किरण-मापनें तपासून २०२४ सालीं निष्कर्ष काढला कीं, त्यांत खरोखर नवें असें एकहि नाहीं. पुष्कळ ठिकाणीं दोन धातूंचे अणु एकाच प्रकारच्या जागांवर सरमिसळ बसलेले होते. गणितानें त्यांस ठराविक आसनें वाटून दिलीं, आणि जुनेंच द्रव्य नव्या नांवानें मिरवलें.

यावर कोणी म्हणेल, आम्ही यंत्राचे वैरी आहों. तसें मुळींच नाहीं. लक्षावधि मांडण्यांतून आशादायक अशा शंभर निवडून देणें हें मोठें उपकारक काम होय. परंतु पंचांगांत पाऊस लिहिला म्हणून विहिरीस पाणी येत नाहीं. भाकितास भाकीतच म्हणावें, शोध म्हणूं नये.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. "मुलानें प्रयोगशाळेंत हात भाजून घेण्यापेक्षां संगणकच कां शिकूं नये?" असें सुशिक्षित पालक आम्हांस विचारतात. संगणक अवश्य शिकवा. पण भट्टी लावणारे आणि स्फटिक वाढविणारे हात उद्यां उरले नाहींत, तर यंत्राचें भाकीत खोटें ठरविणार कोण, आणि खरें तरी ठरविणार कोण? पॅनमन दाणा पाहिल्यावांचून पोतीं मोजावयास बसत नाहीं. आपणहि बसूं नये.