ई-क्लासचा धनी कोण?

वऱ्हाडात गायरानाला 'ई-क्लास' म्हणतात. जुन्या महसुली वर्गवारीतले हे अक्षर, राज्ये बदलली तरी लोकांच्या तोंडून गेले नाही. अमरावती-अकोल्याकडच्या गावांत ढोरकी गुरे घेऊन जातो तो ई-क्लासवर, भूमिहीन बाई दोन शेळ्या सोडते ती ई-क्लासवर, आणि ज्याला गावठाणात जागा मिळाली नाही तो झोपडी घालतो तीही तिथेच. पूर्वी घरोघर ज्वारी होती, तेव्हा कडब्याचा आधार तरी होता. सोयाबीनने ज्वारीला मागे रेटले. कापसाने वैरण कधी दिलीच नव्हती. ज्याला स्वतःचा धुरासुद्धा नाही त्याचे जनावर आज पूर्वीपेक्षा अधिक या 'पडीक' जमिनीवर जगते.

सरकारच्या लेखी मात्र ती रिकामी जागा. 2023 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू. रात्री-अपरात्री मोटार सुरू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला त्याचे मोल सांगावे लागत नाही आणि आमचाही त्या हेतूला विरोध नाही. आक्षेप व्यवहाराला आहे. खाजगी जमीन प्रकल्पाला दिली तर मालकाला हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये भाडे; सरकारी जमिनीचे भाडे नाममात्र एक रुपया! ग्रामपंचायतीला वर्षाकाठी 5 लाखांचे अनुदान, तेही तीनच वर्षे. दहा हेक्टरांचा हिशेब कोणीही मांडून पाहावा. खाजगी मालकाच्या पदरात दरसाल साडेबारा लाख पडतात. तेवढेच गायरान देणाऱ्या गावाला सगळे मिळून 15 लाख, आणि कुंपण मात्र पंचवीस वर्षांचे. एकाच्या मालकीला भाव आहे, सर्वांच्या मालकीला नाही, असा याचा अर्थ होतो. सरकार या जमिनीचे विश्वस्त आहे की धनी?

जी जमीन प्रकल्पासाठी इतक्या सहज मोकळी होते, तीच गरिबाच्या पायाखाली असली म्हणजे एकाएकी पवित्र ठरते. सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात 28 जानेवारी 2011 रोजी गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी 12 जुलैला निर्णय काढला, आणि 2022 साली उच्च न्यायालयासमोर हा प्रश्न आल्यावर गावोगाव नोटिसांचा पाऊस पडला. आदेश योग्यच होता. धनदांडग्यांनी गायराने गिळली आहेत हे आम्हीच आजवर सांगत आलो. पण त्याच निकालपत्रात अपवादही आहे: भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेली जमीन, तसेच शाळा-दवाखान्याची जागा. तहसील कचेरीतल्या नोटिशीत हा परिच्छेद सहसा उतरत नाही. 1959 आणि 1964-65 साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी तुरुंग भरले ते पडीक सरकारी जमिनीसाठीच. 1990 पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा 1991 चा शासन निर्णय हे त्या लढ्याचेच उशिरा आलेले फळ. पोटासाठी कसलेली दोन एकर आणि रस्त्यालगत बळकावलेले दहा एकर यांना एकच शब्द लावणे, ही भाषेची चूक नाही.

यावर सनदी विद्वानांचे उत्तर ठरलेले असते: गावाच्या हाती दिले तर उरलेसुरलेही जाईल. त्यांनी अचलपूर तालुक्यातील पायविहीरला जाऊन यावे. वनहक्क कायद्याखाली 2012 साली या कोरकू गावाला सुमारे 190 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ते जंगल तोपर्यंत नावालाच उरले होते. ग्रामसभेने चराईचे नियम केले, माती-पाणी अडवले, झाडे लावली. सीताफळे राखून ती मुंबईच्या बाजारापर्यंत पोचवली. 2014 साली या कामाला राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. जंगलावर पहारेकरी आधीही होते. फरक पडला तो हक्काने. अकोला-वाशीम भागात फासेपारध्यांनी गवताळ माळ राखले, जिथे तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी विणीला येतो. ज्यांना साहेबांच्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले होते, ते आज माळाचे राखणदार आहेत.

वनहक्क कायदा वनजमिनीपुरता आहे. महसुली गायरानाला तसा कायदा नाही. म्हणून मागणी नेमकी हवी. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय ई-क्लासचा एक गुंठाही कोणाला देऊ नये. दिलाच, तर खाजगी जमिनीच्या दराने, कराराच्या पूर्ण मुदतीचे भाडे गावाच्या खाती जमा व्हावे, आणि चराईची पर्यायी जागा आधी आखली जावी.

यासाठी मोर्च्याआधी दप्तर पाहावे लागेल. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या तलाठ्याकडून गाव नमुना 1-ब आणि अतिक्रमणांची नोंदवही, म्हणजे 1-इ, यांच्या नकला मिळवाव्यात. झोपड्या किती, कसणारे किती, ढाबे आणि गोदामे किती, याची वेगवेगळी यादी करून ती पुढच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी. नावे वगळू नयेत. आपल्या ओळखीच्यांचीही नाहीत.