भैरवी आधी, मैफल नंतर!

भैरवी कधी वाजते? मैफल संपताना. पण एक रेकॉर्ड सुरूच होते भैरवीने, आणि तीही चक्क डिस्को बीटवर! नाव ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’. साल १९८२, कंपनी एचएमव्ही, वाजवणारे मुंबईचे चरणजित सिंग. नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. रेकॉर्ड आली तेव्हाही फारशी कुणी विकत घेतली नव्हती.

तबला नाही, गायक नाही. रोलँड कंपनीची तीन यंत्रं आणि एक माणूस, बस्स! पहाटेचा ललित, संध्याकाळचा भूप, पावसाचा मेघमल्हार, सगळे एकाच वेगात पळतात. घराणेदार मंडळींनी कानांवर हात ठेवावेत असा प्रकार. पण भैरवी नीट ऐका. बीट यंत्राचा असला तरी वरचे सूर हाताने वाजवलेत. राग कुठेही सुटत नाही.

त्या तीन यंत्रांपैकी टीबी-३०३ची गोष्ट भारी आहे. गिटारवाल्यांना साथीला बास मिळावा म्हणून ते १९८१मध्ये बाजारात आलं. आवाज खऱ्या बाससारखा येईना, म्हणून गिटारवाल्यांनी नाक मुरडलं. १९८४मध्ये उत्पादन बंद! पण त्यात एक गंमत होती. एक सूर घसरत दुसऱ्यावर जायचा. आपल्या मींडेचा लांबचा भाऊच म्हणा ना! पुढे शिकागोच्या ‘फ्यूचर’ ग्रुपने हेच यंत्र पिळून १९८७मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढलं आणि अ‍ॅसिड हाउसची लाट आली. चरणजित सिंगांची रेकॉर्ड त्याच्या पाच वर्षं आधीची!

मग हा माणूस भविष्यवेत्ता होता का? छे! हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारा, लग्न-समारंभांत ऑर्केस्ट्रा घेऊन जाणारा कलाकार. तेव्हा सगळीकडे डिस्को चालला होता, हाताशी नवी यंत्रं होती, डोक्यात राग होते. लोकांना नाचवायचं कसं, हे ज्याला रोज ठरवावं लागतं त्यालाच असलं काही सुचतं.

आपल्या जालन्याकडच्या लग्नांतला कॅसिओवाला आठवा. कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, आपल्या लेखी तो कॅसिओच! नवरदेवाचे मित्र फर्माइशींवर फर्माइशी सोडतात, हा मान खाली घालून वाजवतो आणि टाळ्या गायक घेऊन जातो. सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये तरी वेगळं काय होतं? कव्हरवर संगीतकार ठळक, गायक ठळक. वादकांची नावं सहसा गायबच.

चरणजित सिंगांचं नाव तरी लागलं, पण कधी? एका डच रेकॉर्डवेड्याने ही रेकॉर्ड २०१०मध्ये पुन्हा काढली तेव्हा. मग सत्तरीत परदेशात कार्यक्रम झाले, तरुण पोरं त्यांच्यापुढे बेभान नाचली. २०१५मध्ये ते मुंबईत गेले. म्हणजे कौतुक वाट्याला आलं ते जेमतेम पाच वर्षं, आणि तेही बाहेरून फिरून आलेलं.

तेव्हा शुक्रवारी ऑफिसातून निघताना हेडफोन लावा आणि भैरवी ऐका. आणि पुढच्या लग्नात जेवणाच्या पंगतीकडे पळण्याआधी त्या कॅसिओवाल्याला नाव विचारा. तेवढं तर आपल्या हातात आहे, काय?