मागचं चाक आधी

दोन चाकं : देवगाव फाट्याहून साप्ताहिक स्तंभ

सेलूहून येणारा रस्ता मंठा-जिंतूर रस्त्याला मिळतो, तो आमचा देवगाव फाटा. इथून चारठाण्याकडे आणि पुढे जिंतूरकडे निघालं की नेमगिरीचे डोंगर आणि येलदरीकडची माळरानं लागतात. डांबर सोडून तिथल्या वाटांना लागलेली सायकल दोनच गोष्टींवरून चालते, मुरूम आणि काळा दगड. दख्खनच्या पठाराचा हा बसाल्ट पाण्यानं घासला गेला तर गोटा होतो. नुसता उन्हानं तडकून फुटला, तर त्याच्या कडा टायरची बाजू कापतात. गेल्या काही वर्षांत आपल्या भागातली तरुण मुलं गिअरच्या सायकली घेऊन रविवारी या वाटांना जायला लागली आहेत. मला त्याचा मनापासून आनंद आहे. त्यांच्याकडून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न एकच, चाक कोणतं घ्यावं? सायकलीबरोबर आलेलं चाक चार महिन्यांत वाकडं होतं, स्पोक तुटतात, आणि मग सायकल ओसरीत भिंतीला टेकून उभी राहते.

मुलांना मिळणारा सल्ला बहुतेक डांबरावरचा असतो. महाराष्ट्रात सायकलीची हवा झाली ती लांब पल्ल्याच्या रस्त्यांमुळे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच स्पर्धा एकट्यानं पूर्ण केली, आणि गावोगावी सायकल क्लब निघाले. ही फार मोठी कमाई आहे. पण त्या दुनियेत चाक हलकं असणं हा गुण मानला जातो. स्पोक कमी, रिम बारीक, वजन ग्रॅममध्ये मोजलेलं. सपाट रस्त्यावर ते बरोबरच आहे. तेच गणित नेमगिरीच्या उतारावर आणलं की पैसे दगडात जातात.

चाक तुटतं कसं, हे कळलं की निवड निम्मी सोपी होते. बैलगाडीच्या लाकडी चाकात खालचे आरे गाडीचा भार खांबासारखे पेलतात, वरून लोखंडी धाव सगळं आवळून धरते. सायकलीचा स्पोक म्हणजे दोन मिलिमीटरची तार, ती खांब होऊ शकत नाही. ती आधीच ताणून ठेवलेली असते. चांगल्या चाकात मागच्या उजव्या बाजूच्या एकेका स्पोकवर साधारण १०० ते १२० किलोचा ताण असतो, डाव्या बाजूला त्याहून बराच कमी. ३२ स्पोकांचा हिशेब केला तर रिमला आतून अडीच-तीन टनांची ओढ बसलेली असते. चाक दगडावर आदळलं की खालच्या दोन-चार स्पोकांचा ताण घटतो, चाक पुढे सरकलं की तो परत येतो. जॉब्स्ट ब्रँट या अमेरिकन अभियंत्यानं १९८१ मध्ये ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे मोजून, मांडून दाखवलं. ताण पुरेसा असेल, तर घटूनही तार तंग राहते. तो कमी असेल, तर प्रत्येक फेऱ्यात तार सैल पडते, पुन्हा ताणली जाते, आणि हबजवळच्या वळणावर थोडी थोडी थकत जाते. मग एके दिवशी साध्या सपाट वाटेवरही ती टणकन तुटते. मुलं म्हणतात, स्पोक कच्चे होते. बहुतेक वेळा स्पोक चांगले असतात, बांधणी सैल असते.

यातूनच माझं ठाम मत बनलं आहे. दगडी वाटेचं टिकाऊ चाक दुकानातल्या फळीवरून उचलून मिळत नाही, ते बांधून घ्यावं लागतं. सुटे भाग चांगले निवडा, आणि उरलेले पैसे ते बांधणाऱ्या हाताला द्या.

पैसे मोजके असतील तर सुरुवात मागच्या चाकापासून करा. ही अक्कल नवी नाही. आपल्या वाडवडिलांच्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असत. ज्वारीचं पोतं, दुधाचे कॅन, बायको-पोरं, सगळं कॅरिअरवर, म्हणजे मागच्या चाकावर यायचं. दगडी वाटेवर कारण थोडं वेगळं असलं तरी निकाल तोच. पुढचं चाक आपण हातांनी उचलून दगडावरून काढतो. मागचं आपल्या वजनासकट आदळतं, आणि बहुतेक वेळा आपल्याला दिसतही नाही कशावर. त्यात मागे उजव्या बाजूला गिअरच्या चकत्यांचा जुडगा बसवायचा असतो. त्यामुळे हब एका बाजूला सरकतो, उजवे स्पोक जास्त उभे आणि जास्त तंग होतात, डावे तिरके आणि सैलसर राहतात. तुटतात ते बहुधा या ताणातल्या फरकामुळे. नव्या सायकलींत मागचा हब १४८ मिलिमीटर रुंद असतो, ‘बूस्ट’ म्हणतात त्याला. त्यात स्पोक अडकतात त्या दोन चकत्या एकमेकींपासून दूर जातात आणि चाक आडव्या जोराला जास्त घट्ट राहतं. सायकलीला तो बसत असेल तर जरूर घ्या. बसत नसेल तर मागची रिम पुढच्यापेक्षा जाड घ्या. दोन्ही चाकं एकसारखी असलीच पाहिजेत, हा हट्ट सोडा.

रिमबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. स्वस्त गिअरच्या सायकलीत एकाच भिंतीची रिम येते. टायर काढून रिमच्या आत बघा. निपलचं, म्हणजे स्पोक रिमला आवळणाऱ्या बारक्या नटाचं, डोकं लगेच हाताशी लागलं तर रिम एकभिंती. ते एका भोकातून खाली, खोल आत दिसलं तर दुभिंती. आपल्या दगडाला एकभिंती रिम चालणार नाही, यात तडजोड नको. आतली रुंदी २८ ते ३० मिलिमीटर असली की सव्वादोन-अडीच इंची टायर नीट पसरून बसतो.

कार्बनची रिम घ्यावी का, हे हल्ली शहरातून आलेली मुलं विचारतात. कार्बन वाईट नाही, चांगल्या कंपनीच्या रिमा जबर मार खातात, आणि काही कंपन्या तुटली तर बदलूनही देतात. पण बदललेली रिम कुरियरनं येणार, तोवर सायकल उभी, आणि नव्या रिमवर चाक परत विणायला माणूस हवाच. अ‍ॅल्युमिनियमची रिम वाकते. वाकलेली कड लाकडाचा ठोकळा लावून हातोडीनं इथेच बऱ्यापैकी सरळ करता येते, आणि आपण त्याच दिवशी घरी जातो. देवगाव फाट्यावर राहणाऱ्यानं अ‍ॅल्युमिनियमच घ्यावं.

स्पोक ३२ घ्या, २८ नकोत. डोक्याशी वळण असलेले साधे स्पोक घ्या, सरळ डोक्याचे नकोत, कारण ते आपल्याकडे कुणाच्या डब्यात नसतात. टोकांना २ आणि मधे १.८ मिलिमीटर असे मधे बारीक केलेले स्पोक मिळाले तर उत्तम. ऐकायला उलटं वाटेल, पण मधला बारीक भाग किंचित लवचीक राहतो आणि वळणावरचा थकवा कमी करतो, म्हणून ते सरसकट जाड तारेपेक्षा जास्त दिवस जातात. निपल पितळी. अ‍ॅल्युमिनियमचे निपल दोन पावसाळ्यांत जाम होतात, आणि चावी लावली की त्यांचे कोपरे झिजतात.

आता ते बांधणारे हात. फाट्यावर सायकलीचा एक मिस्त्री बसतो, त्याचं काम मी पुष्कळदा शेजारी बसून पाहिलं आहे. तो सायकल उलटी करतो, खडूचा तुकडा रिमच्या कडेजवळ धरतो आणि चाक हलकेच फिरवतो. चाकाला आऊट, म्हणजे वाकडेपणा, असेल तिथेच खडू घासला जातो, तेवढ्याच भागावर पांढरी रेघ उमटते. मग त्या रेघेसमोरच्या दोन-तीन निपलांना चावीचा पाव फेरा, फार तर अर्धा. पुन्हा फिरवायचं, पुन्हा खडू. आडवा आऊट निघाला की खडू वरून धरून चाकाची वर-खाली उडी बघायची. इथवर पुष्कळ जण येतात. त्यानंतर तो करतो ते फार कमी ठिकाणी पाहायला मिळतं. शेजारचे दोन-दोन समांतर स्पोक मुठीत धरून तो जोरानं आवळतो, चाकभर. आतून कट्-कट् आवाज येतात, कारण चावी फिरवताना पिळलेले स्पोक तेव्हा सुटतात आणि आपापल्या जागी बसतात. हे केलं नाही तर ते पहिल्याच दगडावर सुटतात आणि चाक पुन्हा वाकडं. शेवटी तो एकेक स्पोक नखानं छेडतो. उजव्या बाजूचे सगळे एका सुरात लागले पाहिजेत, डाव्या बाजूचे खालच्या पण आपापसात सारख्या सुरात. ताण मोजायचं यंत्र त्यानं वापरलेलं नाही. तो ते कानानं करतो, आणि काळ्या सायकलींवर शिकलेला तो कान २९ इंची चाकालाही तितकाच लागू पडतो.

असे मिस्त्री कमी होत चालले आहेत. मोटारसायकलीच्या मॅग व्हीलला स्पोकच नसतात, त्यामुळे शिकणारी पोरं या कामाकडे वळत नाहीत. म्हणून माझी विनंती आहे, आऊट काढायला गेलात तर भाव करू नका. नवं चाक विणून घेत असाल तर त्याची मजुरी आधी ठरवा आणि पूर्ण द्या. घाईही करू नका, कारण हे दोन-तीन तासांचं काम आहे. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर झाले की चाक एकदा परत दाखवा, नव्या चाकाचा ताण थोडा उतरतोच.

हबचं थोडक्यात. सुट्या छऱ्यांचा हब आपल्याकडे कुठेही उघडता येतो. पुढे ३/१६ आणि मागे १/४ इंची छरे, ग्रीस, दोन पाने, काम झालं. सीलबंद बेअरिंगचा हब असेल तर बेअरिंगवर कोरलेला नंबर वहीत लिहून ठेवा. ६००१, ६९०२ असे ते नंबर सगळ्या यंत्रांना सारखेच असतात, त्यामुळे जिंतूर किंवा परभणीच्या बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगून चौकशी करता येते. काळ्या मातीत सायकल बुडाली की हबवर पाण्याचा जोरदार फवारा मात्र मारू नका, पाणी सीलच्या आत शिरतं.

चाकाचा खरा रक्षक टायर आहे, हे सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. रिम वाकते ती बहुतेक हवा कमी असताना. ट्यूब असेल तर ७० किलोच्या माणसानं सव्वादोन-अडीच इंची टायरमध्ये साधारण ३० पीएसआय ठेवावी, मागे थोडी जास्त. त्याखाली गेलात तर दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेस केलं तर २२-२५ पुरते, पकड वाढते, आणि बाभळीचे काटे, सराटे यांची भोकं आतलं द्रावण बुजवतं. आपल्या भागात काट्यांचं एवढं एकच कारण ट्यूबलेसला पुरेसं आहे. पण परभणीचा पारा मे महिन्यात ४४ अंशांवर जातो, त्या उन्हात द्रावण लवकर वाळतं. उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्ह उघडून, काडी घालून द्रावण उरलंय का बघा. टायर घेताना वजनाऐवजी बाजूची जाडी बघा, बसाल्ट तिथेच कापतो.

हे सगळं छंदाच्या सायकलींपुरतं आहे असं कुणी समजू नये. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकलीचं अनुदान मिळतं, २०२२ मध्ये ते ३,५०० वरून ५,००० रुपये झालं. खेड्यापाड्यांतल्या मुलींच्या सायकली अशाच मुरमाच्या रस्त्यांवरून रोज जातात, दप्तर आणि कधी धाकटी बहीण मागे घेऊन. त्यांचीही मागचीच चाकं आधी जातात. दोन स्पोक तुटलेली सायकल तशीच चालवली की उरलेल्यांवर ओढ येते आणि पंधरा दिवसांत रिम हातची जाते. मग मुलगी पायी निघते, किंवा घरी बसते. सायकल वाटपाच्या दिवशीच शाळेनं एखाद्या मिस्त्रीला बोलावून सगळ्या चाकांचा ताण सारखा करून घेतला, तर ती सायकल दहावी-बारावीपर्यंत जाईल. याला नवी योजना लागत नाही, एक दुपार आणि मिस्त्रीची मजुरी लागते. मुख्याध्यापकांनी आणि शाळा समित्यांनी हे यंदाच करावं.

आणि सेलू, मंठा, जिंतूरच्या सायकल दुकानदारांकडे एक मागणं. २६ इंची चाकाचे स्पोक तुमच्याकडे असतात. २७.५ आणि २९ इंचीचे मागवावे लागतात, आणि मागच्या चाकाला डाव्या-उजव्या बाजूला दोन मापं लागतात, त्यांत एक-दोन मिलिमीटरचाच फरक असतो. प्रत्येक मापाचे दोन डझन आणून ठेवा. गिऱ्हाइकांनीही नवं चाक घेताना दोन्ही मापांचे तीन-तीन स्पोक जास्तीचे मागून घ्यावेत आणि सीटच्या नळीला चिकटपट्टीनं बांधून ठेवावेत.