खालून येणारा समुद्र

आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, समुद्र निदान दिसतो. उधाणाला बांधाला खांड पडली की रात्री-अपरात्री गाव घमेली घेऊन धावतो, कुणी बांधातल्या उघाडीची झापं नीट मिटलीत का ते बघायला जातो. एवढं करूनही खारं पाणी शेतात शिरलंच, तर मीठ धुऊन निघायला पावसाळ्यांची वाट बघायची आणि तोवर राता भात लावायचा. तो खारेपण सोसतो.

चेन्नईच्या उत्तरेला मिंजूरकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा सवयीने बांध शोधला. बांध नव्हताच. समुद्र काही किलोमीटर लांब, मध्ये कोरडी जमीन, आणि तरी शेतातल्या विहिरीचं पाणी जिभेला खारट लागलं.

इथला समुद्र खालून येतो. किनाऱ्यालगत भूजल समुद्रसपाटीच्या 1 मीटर वर असेल, तर त्याच्या वजनाने खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं, असा ढोबळ हिशेब आहे. वरचं मीटरभर उपसलंत की खालचा चाळीस मीटरचा पाया जातो. आरणियार-कोसस्थलैयार खोऱ्यातलं पाणी शहराने वर्षानुवर्षं उपसलं, कारखान्यांनी उपसलं. शेतकऱ्यांनीही उपसलं; तमिळनाडूत शेतीपंपाला वीज फुकट, मग मोटर बंद करायला कोण उठतो? 1969 साली खारं पाणी किनाऱ्यापासून सुमारे 3 किलोमीटर आत आलं होतं, 1987 पर्यंत 9 किलोमीटर.

2003 मध्ये राज्याने घराघरावर पावसाचं पाणी जिरवणं सक्तीचं केलं, ते चांगलंच. नद्यांवरच्या बंधाऱ्यांनीही फरक पडतो. पण जिरवणं सगळ्यांना आवडतं, उपसा कमी करा म्हटलं की बैठक चहावर येते.

जवळच काट्टुपल्लीला 2010 पासून समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प आहे, रोज 10 कोटी लिटर क्षमतेचा. ते पाणी नळाने चेन्नईला जातं. इकडे विहिरीवाला पाण्याचा कॅन विकत घेतो.

गावी बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं, पण खांड कुठे पडलीय?"

मला चटकन सांगता येईना. मागे पाण्याच्या दोन मोटरी चालू होत्या. बाबांनाही ऐकू येत असणार.