तपासणी कुणाच्या दारात पोहोचते?



गेल्या महिन्यात माझ्या वर्गातली एक मुलगी तीन आठवडे सारखी खोकत होती. अंगानेही उतरली होती. मी तिच्या आईला शाळेत बोलावून घेतले आणि सांगितले, पालिकेच्या आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या, पैसे लागत नाहीत. आईने आधी दार नीट लागले आहे ना ते पाहिले. मग हळूच म्हणाली, "टीचर, तपासलं आणि काही निघालं तर? उद्या हिच्या रिश्त्याचं काय? मोहल्ल्यात कळलं तर घरमालक खोली खाली करायला सांगेल."

मी गप्प झाले. असेच बोलणे मी कोरोनाच्या वर्षी दारोदार ऐकले होते. एकदा तर माझ्याच घरात.

२०२० च्या सप्टेंबरात राज्य सरकारने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम काढली. शाळा बंद होत्या, मुले मोबाइलवर शिकत होती, आणि अनेक शिक्षकांप्रमाणे मलाही घरोघरच्या पाहणीचे काम मिळाले. उर्दू येते म्हणून तुर्भ्याकडची एक वस्ती माझ्या वाट्याला आली. हातात ताप मोजायचे यंत्र, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि फॉर्मचा गठ्ठा. दार अर्धे उघडायचे, "सगळे ठीक आहेत, मॅडम," असे उत्तर यायचे, आणि त्याच वेळी पडद्यामागून खोकला ऐकू यायचा.

सुरुवातीला मला राग यायचा. तपासणी मोफत, केंद्र जवळ, तरी लोक जात का नाहीत? शिकलेल्या माणसाला असा राग पटकन येतो. पण आठ-दहा दिवस त्या गल्ल्यांतून फिरल्यावर लोकांचा हिशेब माझ्या लक्षात येऊ लागला.

पहिली अडचण नियमांची होती. मार्च २०२० मध्ये तपासणी मुख्यतः परदेशातून आलेल्यांची आणि बाधितांच्या संपर्कातल्यांची होत होती. २० मार्चपासून त्यात श्वसनाच्या गंभीर आजाराने रुग्णालयात दाखल झालेले रुग्ण आले. बाकीच्यांना पुढचे काही महिने डॉक्टरची चिठ्ठी लागे, आणि तेव्हा वस्तीतले कितीतरी दवाखाने बंदच होते. मागेल त्याची चाचणी करता येईल, असे आयसीएमआरने राज्यांना सुचवले ते ४ सप्टेंबर २०२० रोजी.

दुसरी अडचण अंतराची. आपल्या नवी मुंबईचे नमुने सुरुवातीला शहराबाहेरच्या प्रयोगशाळांत जात आणि अहवालाची वाट पाहण्यात दिवस जात. जुलैत पालिकेने अर्ध्या तासात निकाल देणाऱ्या अँटिजेन चाचण्या सुरू केल्या. ऑगस्टमध्ये नेरुळच्या मीनाताई ठाकरे रुग्णालयात दिवसाला हजार नमुने तपासू शकणारी पालिकेची स्वतःची प्रयोगशाळा उभी राहिली. हे चांगले काम झाले आणि ते चांगले म्हटलेच पाहिजे. पण तोवर साथीला पाच महिने होऊन गेले होते.

तिसरी अडचण पैशाची. खासगी प्रयोगशाळेत चाचणीची कमाल किंमत आधी ४,५०० रुपये होती. सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिलला ती सर्वांसाठी मोफत करायला सांगितले, पण १३ एप्रिलला ती सवलत आयुष्मान भारत योजनेतील आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांपुरती ठेवली. महाराष्ट्रात जूनमध्ये दर २,२०० रुपयांवर आला, ऑक्टोबरमध्ये ९८० वर आणि मार्च २०२१ च्या अखेरीस ५०० वर. म्हणजे रोग नवा होता, लोक सर्वांत जास्त घाबरले होते, तेव्हा चाचणी सर्वांत महाग होती.

पण वस्तीत मला ज्या गोष्टीने खरे अडवले ती चाचणीच्या किमतीत धरलेलीच नव्हती. भाजी मार्केटात माथाडीचे काम करणाऱ्या एका गृहस्थांनी मला ती समजावून सांगितली. "मॅडम, चाचणी फुकट आहे, मान्य. पण मी पॉझिटिव्ह निघालो तर मी बंद, माझा भाऊ बंद, बायको धुणीभांडी करते तीही बंद. चौदा दिवस सहा माणसांना कोण खायला घालणार?" माझ्या फॉर्मवर या प्रश्नासाठी रकाना नव्हता. ज्याचा पगार घरी बसून चालू राहतो त्याला चाचणी स्वस्त पडते. ज्याची मजुरी रोजची आहे त्याच्यासाठी मोफत चाचणीही चौदा दिवसांच्या भाकरीएवढी महाग असते.

याचा परिणाम आकड्यांतही दिसला. जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर यांनी तीन प्रभागांत लोकांचे रक्त तपासले. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोना होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या, इतर वस्तीत १६ टक्के. त्या महिन्यापर्यंत सगळ्या मुंबईत नोंदलेले रुग्ण साधारण एक लाख होते. पुष्कळांना लक्षणेच नसतील हे खरे. तरीही इतक्या घरांत रोग येऊन गेला आणि त्यांची नोंद कुठेच झाली नाही.

चौथी अडचण भीतीची, आणि आपल्या समाजात ती दुप्पट होती. त्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मरकजचे निमित्त करून वाहिन्यांनी जे चालवले ते तुम्ही विसरला नसाल. औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी परदेशी जमातींवरचे गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा बनवल्याचे स्पष्ट म्हटले. निकाल आला, पण तोवर लोकांच्या मनात बसायचे ते बसले होते. आपले नाव यादीत गेले तर बोट सगळ्या मोहल्ल्याकडे जाईल, या धास्तीने माणसे ताप अंगावर काढत होती.

ही धास्ती आजची नाही. प्लेगच्या साथीत, मार्च १८९८ मध्ये, मुंबईच्या मदनपुऱ्यात तपासणी पथक एका आजारी मुलीला न्यायला आले तेव्हा जुलाह्यांनी विरोध केला आणि दंगल पेटली. तपासणी वाईट नव्हती, पण ती करायला आलेल्यांवर कुणाचा विश्वास नव्हता. याच्या उलट २०२० मध्ये धारावीत झाले. रोज ज्यांच्याकडे औषध घ्यायचे तेच ओळखीचे डॉक्टर घरोघर गेले, गल्लीजवळ ताप तपासणीची शिबिरे लागली, वेगळे ठेवलेल्यांच्या जेवणाची सोय झाली. लोक पुढे आले. विश्वास आणि दोन वेळचे जेवण यांनी ते काम केले जे नोटिसांनी होत नव्हते.

आता माझ्या घरातली गोष्ट. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

मी दिवसभर लोकांना केंद्रावर पाठवत होते, त्याच आठवड्यात आमच्या सासूबाईंना, आम्ही त्यांना अम्मीच म्हणतो, ताप आला. शोहरना कामावर अहवाल दाखवायचा होता, म्हणून त्यांची तपासणी त्याच दिवशी झाली. अम्मी म्हणाल्या, "मला काय होतंय? मी कुठे घराबाहेर जाते?" आम्ही सर्वांनी ते लगेच मान्य केले, कारण ते सोयीचे होते. इमारतीला फलक लागेल, शेजारी दूध आणू देणार नाहीत, अम्मींना एकटीला कुठेतरी नेऊन ठेवतील, हे सगळे माझ्याही मनात होते. पाचव्या दिवशी वस्तीत वापरायचा ऑक्सिमीटर मी त्यांच्या बोटाला लावला. आकडा ८८ होता. अकरा दिवस त्या रुग्णालयात होत्या. आज त्या आमच्यात आहेत, अल्हम्दुलिल्लाह, पण जिना चढताना अजूनही मध्येच थांबतात. त्या थांबल्या की मला ते पाच दिवस आठवतात.

म्हणून शेवटची अडचण मी घराच्या आत मोजते. कमावत्याची तपासणी आधी, मग मुलांची, आणि घरातल्या बाईची सर्वांत शेवटी. ६ एप्रिल २०२० ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले होते की देशातल्या रुग्णांत ७६ टक्के पुरुष आहेत. तेव्हा बाहेर फिरणारे पुरुषच जास्त होते, हे त्याचे एक कारण असेल. पण जुलैच्या मुंबईच्या पाहणीत रोग होऊन गेल्याचे प्रमाण बायकांत किंचित जास्तच निघाले. बाई घराबाहेर जात नाही, पण घरात येणारा प्रत्येक जण तिच्या हातचे जेवतो आणि आजारी पडला की तीच उशाशी बसते. शिवाय अर्जावर मोबाइल नंबर लागायचा, आणि वस्तीतल्या कित्येक घरांत एकच फोन, तोही कामावर गेलेल्या मर्दाच्या खिशात.

साथ असलेल्या गावात जाऊ नये आणि आपण तिथे असू तर तिथून बाहेर पडू नये, ही शिकवण आपल्या मुलांनाही ठाऊक असते. पण ती पाळायची तर रोग कुठे आहे हे आधी कळायला हवे. ते तपासणीशिवाय कळत नाही.

पुढची साथ कधी येईल ते अल्लाह जाणे. क्षयरोग मात्र आजही आपल्या गल्लीत आहे. सरकारी केंद्रात त्याची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात, आणि उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला १,००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्या. घरात कुणाला ताप आला तर कमावता कोण हे न पाहता आजारी कोण ते पाहा. आणि शेजारी कुणाच्या आजाराचे कळले तर ती त्यांची अमानत समजून आपल्यापाशीच ठेवा. त्यांच्या दारात जेवणाचा डबा ठेवा, पुढच्या घरची चाचणी त्यामुळेच सोपी होईल.

त्या मुलीच्या आईला मी अम्मींची ही हकीकत सांगितली. ती थोडा वेळ बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत आम्ही तिघी रिक्षाने केंद्रात गेलो. निकाल काय आला ते इथे लिहिणार नाही, तो त्या मुलीचा आहे. ती शाळेत येते आहे. दुआ करा.