तिळगुळाच्या सणात भयाची पत्रे

संक्रांतीचा सण आठ दिवसांवर आला की आमच्या गल्लीत भाजलेल्या तिळाचा खमंग वास दरवळू लागतो, आणि त्याच सुमारास उंबरठ्यावर कागदांचा खच पडू लागतो. सकाळच्या वर्तमानपत्राची घडी उलगडावी तर आतून पाच-सहा पत्रके घसरून जमिनीवर पडतात. कुणाची साड्यांची विक्री, कुणाचे व्याजाने कर्ज, कुणाचे रत्न, कुणाचे कवच. दाराच्या फटीतून सरकवलेली वेगळीच. आमच्या या सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषा एका गल्लीत नांदतात. पत्रकांनीही हा समन्वय उत्तम साधला आहे, एवढेच त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

नुसत्या कागदाचा उपद्रव असता तर त्यासाठी सणाच्या पानावर जागा अडवण्याचे धाडस मी केले नसते. रद्दी ती रद्दी; रद्दीवाला घेऊन जाईल. परंतु यांतील निम्म्या पत्रकांवर देवाचे चित्र छापलेले असते. कर्जाच्या पत्रकावर गजानन, मूळव्याधीच्या औषधाच्या पत्रकावर धन्वंतरी, आणि बाकी सर्वांवर लक्ष्मी. छापणारा भाबडा नसतो. देवाची प्रतिमा असलेला कागद हिंदू गृहिणी केरात टाकत नाही, पायाखाली येऊ देत नाही, हे त्याला पुरते ठाऊक असते. तो कागद देवघराच्या फळीवर, डब्याखाली, पंचांगाच्या घडीत जाऊन बसतो आणि जाहिरात वर्षभर घरात राहते. आपल्या श्रद्धेचा असा खिळ्यासारखा उपयोग केला जातो. पुढे दिवाळीच्या साफसफाईत तो गठ्ठा निघतो, तेव्हा त्याचे काय करावे हे कुणासही कळत नाही. मग तो पिशवीत भरून तलावात वा विहिरीत सोडला जातो, आणि त्याला विसर्जन म्हणावयाचे!

गेल्या मार्गशीर्षात आमच्या गल्लीतील मारुतीच्या देवळात माझे कीर्तन झाले. आरतीनंतर चार घरची मंडळी थांबली होती, तेव्हा हा विषय निघाला. एका सूनबाईंनी घरून पिशवीच आणून ओट्यावर ओतली. एका वर्षाचे कागद! त्यातून पंचेचाळीस लक्ष्म्या निघाल्या. हसू आले, आणि मग कुणालाच हसवेना.

त्या रात्री जे ठरले त्याला चळवळ वगैरे म्हणू नये. दारावर ‘जाहिरातपत्रके टाकू नयेत’ अशी पाटी लावावी, आणि वर्तमानपत्राच्या घडीतून पत्रके नकोत असे पेपरवाल्यास सांगावे, इतकेच. ॲम्स्टरडॅम शहरात २०१८ सालापासून याच्याही पुढचा नियम आहे. ज्याच्या दारावर ‘हवीत’ अशी चिठ्ठी असेल त्याच्याच पेटीत जाहिराती टाकावयाच्या. चिठ्ठी नसणे म्हणजेच नकार. आपल्याकडे नकार मागून मागून द्यावा लागतो, हे खरे दुखणे.

पाटी लावणे सोपे गेले. पेपरवाल्याशी बोलणे अवघड गेले. पहाटे साडेचारला उठून, कडाक्याच्या थंडीत, विक्रेता आणि त्याची मुले घडीत पत्रके घालतात; त्याचे त्यांना शेकड्यावर पैसे मिळतात. आमच्या सोवळ्या निश्चयाने त्या मुलाच्या चहाचे पैसे बुडणार होते. गल्लीतील एका निवृत्त गिरणी कामगाराने हे लक्षात आणून दिले. मी शास्त्र सांगणारा, माझ्या ध्यानात ते आले नव्हते. अखेर प्रत्येक घराने महिन्याच्या बिलात थोडी भर घालावी असे ठरले. दोन घरांनी नकार दिला. त्यांच्या घडीत पत्रके अद्याप येतात, आणि त्यांतली दोन-चार वाऱ्याने आमच्याही अंगणात येतात!

येथे थोडे विषयांतर करतो. पत्र योग्य घरी पोहोचावे म्हणून ज्या गृहस्थांनी आपल्या देशाला पिनकोड दिला, ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे नामांकित कवी व नाटककार होते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत सुरू झाली. पत्त्याखाली ४१३००१ लिहिताना सोलापूरकरांनी या संस्कृत पंडिताचे स्मरण करावे असे मला फार वाटते. कारण नेमक्या माणसाने नेमक्या माणसास लिहावे, यातच पत्राची प्रतिष्ठा आहे. ‘प्रति, घरमालक’ असे ज्यावर असते ते पत्र नव्हे.

दूरध्वनीवरून होणाऱ्या जाहिरातींच्या माऱ्यावर सरकारी उपाय आहे. १९०९ या क्रमांकावर फोन वा संदेश करून आपला क्रमांक नोंदवता येतो, आणि नोंद असूनही त्रास झाला तर तेथेच तक्रार करता येते. चमत्काराने रोग बरे करणाऱ्या ताईत-कवचांच्या पत्रकांविषयीही कायदा आहे, आणि तो १९५४ सालचा आहे! ठरावीक रोगांवर मंत्र, ताईत, कवच यांचा गुण येतो अशी जाहिरात करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरतो. हस्तपत्रकही त्यातून सुटत नाही. हे सांगितले तेव्हा आमच्या गल्लीतील बऱ्याच जणांना आश्चर्य वाटले.

परंतु ज्या पत्राला ना पाटी अडवते ना १९०९, त्याविषयीच मला मुख्यतः लिहावयाचे आहे. ते पत्र परका माणूस पाठवीत नाही. ते आत्या पाठवते, शेजारीण पाठवते, भिशीतली मैत्रीण पाठवते.

१९७६ साल असेल. मी पंधरा वर्षांचा होतो. ‘जय संतोषी माँ’ हा चित्रपट आदल्या वर्षी लागून गेला होता आणि घरोघरी शुक्रवार सुरू झाले होते. एका दुपारी आमच्या घरी निनावी पोस्टकार्ड आले. देवीच्या नावे मजकूर होता. अशी एकवीस पत्रे लिहून पाठवा. पाठवणाऱ्यास धनलाभ झाला, फाडून टाकणाऱ्याचा मुलगा दगावला. त्या दिवसांत माझा धाकटा भाऊ विषमज्वराने अंथरुणाला खिळलेला. आईचा चेहरा पांढराफटक पडला. माझे अक्षर चांगले, म्हणून तिने एकवीस पोस्टकार्डे आणविली आणि मला लिहावयास बसविले. मी ती लिहिली. ‘मुलगा दगावला’ हे शब्द एकवीस वेळा, वळणदार अक्षरात. भाऊ बरा झाला; डॉक्टरांच्या औषधाने झाला असे मी म्हणतो, पण आईने शेवटपर्यंत तसे मानले नाही, आणि तिच्याशी त्यावर वाद घालण्याचा मला धीर झाला नाही.

त्या एकवीसांतील एक पत्र खेड्यातल्या माझ्या मावशीकडे गेले होते. तिने दळणासाठी ठेवलेले पैसे मोडून पोस्टकार्डे विकत घेतली, हे मला बारा वर्षांनी कळले. तिला लिहिता येत नव्हते. शाळामास्तरांच्या पाया पडून तिने ती लिहवून घेतली. अक्षर कुणाचे होते हे तिने ओळखले नव्हते. मी सांगितले नाही. आज ती हयात नाही.

ही खोड आपल्याच देशाची आहे असेही नाही. १९३५ साली अमेरिकेतील डेन्व्हर शहरी ‘एक डाइम पाठवा’ अशा साखळी-पत्रांचा एवढा पूर आला की टपालखाते मेटाकुटीस आले. मात्र तेथे लोभ होता. आपल्याकडे लोभाच्या पाठीशी देवाचे भय उभे केले जाते.

पोस्टकार्ड गेले, मोबाईल आला. कागदाचे पैसे लागेनासे झाले, त्यामुळे आता एकवीसावर कुणी थांबत नाही. व्हॉट्सॲप चालविणाऱ्या कंपनीने २०१८ साली भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली; पुढे २०२० साली, फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असे केले. तरी संक्रांत जवळ आली की संदेश फिरतातच. यंदाची संक्रांत अशुभ आहे, अमुक रंगावर आहे, एकुलत्या मुलाच्या आईने अमुक इतक्या घरी जाऊन अमुक वस्तू मागून आणावी, न केल्यास मुलावर संकट.

याचा उगम आपल्याच सोलापुरातील पंचांगांत शोधू जावे तर तेथे तो मिळत नाही. शंभरांहून अधिक वर्षे या नगरीतून निघणाऱ्या दाते पंचांगाचे पंचांगकर्ते मोहन दाते यांनी संक्रांत अशुभ नसते, अफवांवर विश्वास ठेवू नये, असे वेळोवेळी जाहीरपणे सांगितले आहे. पंचांगकर्ता सांगतो ते कुणी पुढे पाठवीत नाही. निनावी मजकूर मात्र रात्रीतून गावभर होतो!

संक्रांति या शब्दाचा अर्थ संक्रमण, ओलांडून जाणे. सूर्य धनु राशीतून मकर राशीत जातो. सध्या हे १४ किंवा १५ जानेवारीस घडते. सुमारे सत्तर वर्षांत ते एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकरसंक्रांतीचाच होता. त्या मातेला कुणी हिरव्या बांगड्या मागावयास पाठविले नव्हते. पानिपतचा घाव १४ जानेवारी १७६१ रोजी बसला म्हणून ‘संक्रांत कोसळली’ असे म्हणतात, असे पुष्कळांकडून ऐकले आहे. परंतु वरच्याच गणिताने पाहता त्या वर्षीची संक्रांत युद्धाच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेली असणार. आणि दूर कशाला जावे? याच दिवसांत श्रीसिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, संक्रांतीच्या दिवशी होम होतो. अवघे सोलापूर ज्या दिवसांत लग्नाच्या अक्षता टाकते त्या दिवसांना अशुभ म्हणावयाचे कुणी?

हे सारे मी देवळात सांगितले तेव्हा एका बाईंनी उठून विचारले, “बुवा, सत्यनारायणाच्या कथेतही प्रसाद न घेणाऱ्यावर देवाचा कोप झालाच की! मग पत्र न पाठविणाऱ्यावर का होणार नाही?”

प्रश्न चोख होता. मी क्षणभर गप्प राहिलो. मग म्हणालो, बाई, साधुवाण्याने स्वतः संकल्प केला होता आणि तो मोडला. राजा तुंगध्वजाने समोर आलेला प्रसाद गर्वाने अव्हेरला. दोघांच्याही हातून काही घडले होते. आपल्याकडे पळीभर पाणी सोडून, स्वतःचे नाव-गोत्र उच्चारून संकल्प केल्यावाचून व्रत सुरूच होत नाही. जे व्रत आपण घेतलेच नाही त्याचा भंग कसा व्हावा? कुणा निनाव्याने आपल्या वतीने संकल्प सोडावा आणि न पाळल्याचे पाप आपल्या माथी यावे, असे कोणत्याही धर्मग्रंथात माझ्या वाचनात आलेले नाही. देव कुणाच्या मुलाला ओलीस ठेवून एकवीस पत्रे मागत नाही.

त्या बाईंना हे पटले की नाही, मी सांगू शकत नाही. त्या विचारात पडलेल्या दिसल्या. दुसऱ्या एका आजी मात्र म्हणाल्या, “पटलं, पण मनातून जात नाही.” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून गल्लीने एवढेच ठरविले की असा संदेश आला तर पुढे पाठवावयाचा नाही, पुसताना हात कापू लागला तर माझ्याकडे घेऊन यावयाचे; मी पुसेन. कोप व्हायचा तो माझ्यावर होईल. १९७६ सालची एकवीस पत्रे माझ्या खात्यावर आहेतच.

आजवर अकरा जणी आल्या. गेल्या आठवड्यात आलेली मुलगी मोठ्या बँकेत अधिकारी आहे, तिला एकुलता मुलगा आहे. फोन पुढे करताना तिने दुसरीकडे पाहिले. मी चष्मा चढवून, ती बटणे चाचपडत तो संदेश पुसला. ती म्हणाली, “काका, मी घाबरले नव्हते हं.” मी म्हणालो, मला ठाऊक आहे. आणि तिला तिळाची वडी दिली.

देवाच्या चित्रांच्या कागदांचा प्रश्न उरला होता. किंक्रांतीच्या दुपारी मारुतीच्या देवळामागे पाण्याने भरलेले पिंप ठेवणार आहोत. साधे कागद त्यात भिजवून लगदा करू आणि पारिजातकाच्या आळ्यात घालू. गुळगुळीत, प्लास्टिकचा थर असलेले वेगळे काढावे लागतील, ते विरघळत नाहीत. किंक्रांतीला शुभकार्य करू नये असा प्रघात आहे. कागद भिजविण्यास हरकत नसावी, असे मी पंचांग पाहून सांगितले आहे.