हॅलो, कोणी आहे का?

गेल्या गुरुवारी लंच टाइममध्ये आमच्या टेबलवर जाम राडा झाला. विषय अप्रेझलचा नव्हता, एलियनचा होता! कोणीतरी मोबाइलवर उडत्या तबकडीचा व्हिडिओ दाखवला आणि टेबलावर सरळ दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणे, "एवढ्या मोठ्या विश्वात आपण एकटेच? शक्यच नाही!" दुसरी म्हणे, "मग आजवर एकही कसा नाही भेटला?" भाजी गार झाली, पण निकाल काही लागला नाही.

हा वाद आपल्यापेक्षा कितीतरी हुशार लोकांनीही जेवताजेवताच घातलाय. १९५०चा उन्हाळा, अमेरिकेतली लॉस अलामॉस प्रयोगशाळा. नोबेलविजेता एन्रिको फर्मी सहकाऱ्यांबरोबर जेवत होता आणि मध्येच त्याने विचारलं, की मग सगळे आहेत तरी कुठे? टेबलावर हशा पिकला. प्रश्न मात्र आजही तसाच आहे.

त्यामागचा फंडा सोपा आहे. आपल्या आकाशगंगेत किमान १०० अब्ज तारे आहेत आणि तिचं वय १० अब्ज वर्षांहून जास्त. एखादी प्रगत जमात निवांत एकेका ताऱ्यावर पसरत गेली असती, तरी एवढ्या वेळात अख्खी आकाशगंगा पालथी घालून झाली असती. त्यात फर्मीच्या काळात सूर्यमालेबाहेरचा एकही ग्रह माहीत नव्हता. सप्टेंबर २०२५मध्ये नासाच्या यादीने ६,०००चा आकडा गाठला. म्हणजे घरं भरपूर दिसताहेत, पण दार कोणीच उघडत नाहीये.

आता माझ्या मामाबद्दल सांगते. मी पहिली-दुसरीत असताना त्याच्याकडे भलामोठा डबा कम्प्युटर होता. कोणी वापरत नसलं की स्क्रीनवर रंगीबेरंगी आलेख नाचायचे. मला वाटायचं, गेम आहे. मामा म्हणायचा, "हात लावू नकोस गं, परग्रहावरचे लोक शोधतोय." मामी आतून ओरडायची, "आधी लाइटचं बिल शोधा!"

त्या प्रकाराचं नाव होतं सेटी अॅट होम. मे १९९९मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने तो सुरू केला. पोर्तो रिकोतल्या आरेसिबो दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओलहरी तपासायला त्यांना कम्प्युटर कमी पडत होते. मग त्यांनी डेटाचे बारीक तुकडे केले आणि जगभरातल्या घराघरांत पाठवून दिले. तुमचा पीसी रिकामा असला, की तो एक तुकडा तपासणार आणि उत्तर परत पाठवणार. ५० लाखांहून जास्त लोक यात सामील झाले. त्यातला एक माझा मामा, दर वेळी डायल-अपवर घरचा फोन अडवून बसणारा.

शोधायचं काय, तर निसर्गात सहसा न सापडणारा, एका बारीक फ्रिक्वेन्सीवर येणारा सिग्नल. खरी अडचण अशी, की असे सिग्नल सर्वांत जास्त कोण पाठवतं? आपणच! टीव्ही, रडार, सॅटेलाइट, मोबाइल... नुसता कलकलाट. नारायणगावजवळ खोडदला आपली जीएमआरटी दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशची. तिलाही या पृथ्वीवरच्या गोंगाटाशी झगडावंच लागतं.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीचा किस्सा तर कहर आहे. १९९८पासून तिथे मधूनच विचित्र सिग्नल यायचे. कोणी त्यांना एलियन म्हटलं नाही, पण कोडं सुटत नव्हतं. २०१५मध्ये उलगडा झाला. दोषी होता तिथलाच मायक्रोवेव्ह ओव्हन! कोणीतरी टायमर संपायच्या आत दार उघडायचं, आणि तेवढ्यात निसटलेल्या लहरी दुर्बीण टिपायची. तुमच्या पँट्रीतही असा एक घाईचा प्राणी असेलच.

मग इतकं ऐकून हाती शून्य, म्हणजे तिकडे कोणीच नाही का? इथेच आपली गडबड होते. २०१८मध्ये काही खगोलशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की जिथे शोधायला हवं ते सगळं मिळून पृथ्वीवरचे महासागर मानले, तर आपण आजवर तपासलंय जेमतेम एका छोट्या स्विमिंग पूलाएवढं पाणी. एवढ्यात मासा दिसला नाही म्हणून समुद्र रिकामा ठरवणं जरा जास्तच झालं.

पण मला खरा अस्वस्थ करतो तो वेळेचा मुद्दा. फ्रँक ड्रेक या शास्त्रज्ञाने १९६१मध्ये एक समीकरण मांडलं. आकाशगंगेत आपल्याला ऐकू येतील अशा किती संस्कृती असतील, याचा अंदाज बांधण्यासाठी. त्यात सात गोष्टींचा गुणाकार आहे आणि सातवी गोष्ट अशी, की ती संस्कृती सिग्नल पाठवत किती काळ टिकते. आपल्याला रेडिओ वापरून झालीत शंभर-सव्वाशे वर्षं. समजा, एखादी जमात हजार वर्षं बोलली आणि संपली. तिचा शेवटचा हॅलो पृथ्वीवरून गेला तेव्हा इथे डायनॉसोर चरत असतील, तर? स्वारगेटला तुम्ही सहाला उभे, तो आठला आला. दोघंही खरे, दोघंही आले, तरी भेट नाही. याला आपल्याकडे मस्त शब्द आहे, चुकामूक.

ही चुकामूक टाळायची तर दोन्हीकडच्यांनी भरपूर टिकायला हवं. त्यांचं आपल्या हातात नाही. आपलं आहे. बॉम्ब, तापत चाललेली पृथ्वी, एकमेकांचे गळे धरणं, या सगळ्यातून आपण आणखी हजार वर्षं काढू का? 'ते आहेत का?' हा प्रश्न मला हल्ली 'आपण असू का?' असा ऐकू येतो.

मार्च २०२०मध्ये सेटी अॅट होमने घरोघरी काम पाठवणं थांबवलं. त्याच वर्षी १ डिसेंबरला आरेसिबोही कोसळली. मामाने काही दिवस त्याबद्दल बोलणंच टाळलं. पण गोष्ट तिथे संपली नव्हती. गोळा झालेल्या सुमारे १२ अब्ज नोंदी गाळत गाळत शास्त्रज्ञ शंभरेक सिग्नलपर्यंत आले, आणि २०२५मध्ये चीनच्या फास्ट या महाकाय दुर्बिणीने त्या जागा पुन्हा तपासायला घेतल्या. शास्त्रज्ञांना स्वतःलाही फार आशा नाही. बहुतेक आपलाच गोंगाट निघणार.

मी मामाला फोन करून हे सगळं सांगितलं. तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "त्या शंभरात माझ्या मशीनवरचा एखादा असेल का गं?"

"असू शकेल की मामा."

"आणि निघाला कोणाचा तरी ओव्हन, तर?"

"तर एक खोटा सिग्नल कमी झाला."

तो खूश! मागून मामीचा आवाज आला, "त्याला सांग, तेव्हाची बिलं अजून जपून ठेवलीत मी."

तेव्हा मंडळी, लंच टेबलवर वाद जरूर घाला. फक्त एक करा. ओव्हनचं दार 'टिंग' झाल्यावरच उघडा. कोण जाणे, कोणीतरी ऐकत असेल!